एक पेला कमी

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी नंबराची वाट बघत होत्या. थोरलीचा गाल सुजला होता, पण तोंड थांबत नव्हतं.

"चर्चच्या पाळकांना मी सरळ विचारलं. ख्रिस्त वधस्तंभावर मेला, तो तिच्यासाठीसुद्धा का?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तिच्यासाठीसुद्धा. माझा नवरा घेऊन गेली, तिच्यासाठी. मग माझ्यासाठी वेगळं काय केलं त्याने?"

"ताई, त्याचं प्रेम काय वाटून दिल्याने कमी होतं का?"

"होतं की नाही ते बघायलाच काल प्रभुभोजनाचा एक पेला मी कमी भरला."

"काय केलंस?"

"माणसं मोजून द्राक्षारसाचे पेले मीच भरते ना दर महिन्याला. ती एकटीच शेवटच्या बाकावर बसते. तिच्यापर्यंत तबक रिकामंच पोचलं असतं."

"मग?"

"भरता भरता मलाच उशीर झाला. जागा उरली होती ती तिच्या पलीकडे, अगदी टोकाला. शेवटचा पेला तिने उचलला आणि माझ्यापुढे रिकामं तबक आलं."

"बरं झालं."

"ऐक तरी. तिने तो ओठाला लावलासुद्धा नाही. तसाच माझ्या हातात दिला."

"तू घेतलास?"

"सगळे बघत होते. घेतला."

"आणि ती?"

"बसली तशीच, मान खाली घालून."

"मग आता राग कशाचा आहे, ताई?"

"द्यायचं, तेसुद्धा तिलाच आधी सुचलं."