शिपायाले वावर देल्लं

...अन् बक्षीस काय देल्लं म्हणता त्याले? वावर! आता तुमीच सांगा बायांनो, ज्या माणसानं नद्या पिणारा राक्षस मारला, तीन-तीन तोंडाचे साप फाडले, लंगडत लंगडत अख्खा मुलूख पालथा घातला, त्याले राणीनं सिंहासनावरून खाली उतरून, हात जोडून, वाजंत्री लावून देल्लं काय, तं वावर! अवं, सोनंनाणं नव्हतं का तुह्यापाशी? एखादी नोकरी द्याची, पेन्शनवाली! फासावर देती तं समजलं असतं, बा, राणीचं डोकं फिरलं. पण वावर, शेती कसाले?

सरका थोडं, टेकू द्या मले. दर्यापूरची गाडी काही इतक्यात येत नाई. ते खांबाखाली कुत्रं झोपलं हाय नं, ते उठलं की गाडी आली समजाव. तवरोक ऐका. माहं नाव दुर्गाबाई. शाळेचं तोंड पाहेलं नाई, पण एकडाव पाहेलं का ऐकेलं मी इसरत नाई. तं हा शिपाई आमच्या आकांक्षाच्या कंप्युटरमधला. आकांक्षा माही नात, कालेजात जाते. शेजारच्या रईसाचा लेक जुने कंप्युटर दुरुस्त करते, त्यानं एक डबा हिले देल्ला, म्हणे अभ्यासाले. अन् त्या अभ्यासातून निंघाला हा लंगडा शिपाई!

पयले मीबी बोंबलली, हे काय लावलं वं दिवसभर टुकटुक. मंग एक दिवस तांदूळ निवडता निवडता पाहेलं, अन् तुमाले सांगतो, तांदूळ तसेच राहेले. काय गोष्ट होती! राक्षसानं साऱ्या नद्या पेल्या, गावं वाळले, शिपायाची बायको गेली, ढोरं गेले, अन् हा निंघाला एका काठीवर. मले वाटलं हा दर्यापूरच्याच बाजूचा असन. आकांक्षा बटनं दाबे, मी रस्ता सांगो. "आजी, तो चावीवाला म्हातारा कुठं भेटला होता वं?" "अवं, पुलाजवळ, एक कान तुटका होता त्याचा, इसरली?" अथी अकोल्यात जठारपेठेत लाइन गेली की शिपाई जथी असन तथी मरे, अन् लाइन आली की मागच्या गावातून पुन्हा चालू. पण पोरीनं नेटानं नेला त्याले. शेवटी राक्षसाचं पोट फाडलं, नद्या वाह्यल्या, शिपायानं तलवार पाण्यात सोडली, अन् एका नावेत बसून निंघून गेला. कुठं? कोणाले मालूम! पाणी हालून राहिलं, गाणं वाजून राहिलं, खेळ बनवणाऱ्याईचे नावं वर वर सरकून राहिले... मी पदरानं डोळे पुसले अन् उठली. संपली होती नं बाप्पा, चांगली संपली होती!

मी जाऊन रईसाले सांगतली सारी. तिच्या घरी शिलाईचा ढीग, तिले पाहाले टाइम नाई, म्हून मी रोज सांगो अन् ती मशीन थांबवून ऐके. ती रडली. म्हणे, "चलो बाई, छूट गया बेचारा।"

छूट गया! पण सोडतीन तं ना! आठ दिवस नाई झाले, तं आकांक्षा नाचत आली. "आजी, आजी, शिपायाची पुढची गोष्ट आली!" म्या म्हणलं, पुढची कायची? तो तं गेला. तं म्हणे, "आजी, याले एक्सपान्शन म्हणतात. खेळ संपला की वरून आणखी एक गोष्ट देतात. नवा मुलूख, नवे माणसं." आता ते नाव काही माह्या तोंडात बसत नाई, मी वाढीव म्हणतो. अन् तेव्हापासून कोणीबी भेटलं की मी इचारतो, बाबू, संपलेल्या गोष्टीची वाढीव खेळाव का? तुमाले काय वाटते? थांबा, आताच सांगू नोका. पयले ऐका.

वाढीव चालू झाली, तं शिपायाच्या हाती पुन्हा काठी! म्या म्हणलं, तलवार सोडली हे कबूल, पण वाघनखं कुठं गेले, चिलखत कुठं गेलं, ते बुढीनं देल्लेली अंगठी? सारं गेलं. पुन्हा पयल्यापासून! दरसाली मृगात आपण जसे रिकाम्या हातानं उभे राहो नं, तसा उभा तो. पाय बरा झाला होता शेवटाले, तं पुन्हा लंगडते! अन् दुश्मन कोण? राक्षसाची मावशी! अवं, इतके दिवस कुठं होती वं तू? भाचा मेला, पोट फाटलं, तेरवीलेबी आली नाई, अन् आता काय इचारून राहिली की कोणं मारला? आकांक्षाले म्हणलं, पाह्य, उद्या मावशी मारशीन तं मावसा येईन, मंग मावशाचा साडू येईन, गोतावळा मोठा असते यांचा! पण ऐकते कोण. मारली मावशी. मंग ती राणी उतरली खाली. मंग वाजंत्री. मंग वावर.

रईसाले सांगतलं तं तिच्या हातची कात्री खाली पडली. "या अल्ला! खेती दी? क्यूं? रानी से दुश्मनी क्या थी उसकी?" तिच्या माहेरी अचलपूरकडं संत्र्याचा बगीचा होता, तिले सांगा लागत नाई.  संपली होती नं बाप्पा, चांगली संपली होती!

अथलोक हसण्यावारी होतं. पण माहा लेक, भगवंतराव, आकांक्षाचा बाप, तो एका मोठ्या बिल्डिंगवर वाचमन हाय, रातपाळीचा. सकाळी येते, झोपते. त्या दिवशी दुपारी उठला पाणी प्याले, अन् त्याची नजर गेली पडद्यावरच्या वावराकडं. हातातला गिलास हातातच. म्हणे, "काळी हाय वं माय. जमीन काळी हाय."

झालं! तुमाले सांगतो, जो माणूस तीन वर्ष हूं अन् हां च्या पुढं बोलला नव्हता, तो खाट सोडून पोरीजवळ येऊन बसला. "आकांक्षे, पयले पऱ्हाटी नोको टाकू, तूर टाक. अवं, बांधावरचं गवत काढ, धुरा साफ कर नं पयले! पाऊस पाहेला का पेराच्या आंधी?" ती म्हणे, "बाबा, अथी पाऊस रोज पडते." "रोज?" "रोज. पाहिजे तवा." भगवंतानं माह्याकडं पाहेलं. पीक आलं, टरारून. व्यापारी आला, पैसे ठेवले, गेला. "भाव पाडला नाई त्यानं?" "बाबा, भाव ठरलेला असते." "ओलावा पाहेला नाई? वजनात कट्टी कापली नाई?" "नाई बाबा." अन् माहा लेक हसला. हसला वं बायांनो! दात दिसले त्याचे. मले तं आठवतच नव्हतं की समोरचा एक दात पडेल हाय म्हून.

अन् मंग त्यानं काय करावं? पोरीले म्हणे, शिपायाले वावरातून हालवू नोको. ती म्हणे, "बाबा, राणीनं बोलावलं, पुढची कामगिरी हाय, समुद्रातला खजिना हाय." हा म्हणे, "खजिना पळते का कुठं? पीक उभं हाय अन् मालक समुद्रावर? डुक्करं येतीन, रोही येतीन, सारं लोळवतीन!" "बाबा, या खेळात डुक्कर नाईच!" "डुक्कर सगळीकडं असते. तू रातच्या राखणीले, जागलीवर बसव त्याले." बसवला! राक्षस मारणारा शिपाई, हातात काठी, धुऱ्यावर उभा. राणीचे दूत येऊन येऊन वापस जात. आकांक्षा रडकुंडीले आली, "आजी, माही गोष्ट पुढं सरकून नाई राहिली!" अन् माहा लेक रातभर बिल्डिंगची राखण करे, अन् दिवसा वावराची. झोप नाई. सून जमुना भाकरी थापता थापता हे सारं पाहे, पण एक सबद बोले ना. ती बोलत नाई तवा मले जास्त भेव लागते.

भेव कायचं? आता तुमाले काय सांगाव. आमचंबी वावर होतं, खारपाणात, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, दर्यापूरच्या अलीकडं. कसं गेलं ते इचारू नोका, तुमच्या घरचंबी तसंच गेलं असन. आमच्या धुऱ्याले धुरा लागून देवमनचं वावर. माह्या भगवंताच्या बरोबरीचा, एका ताटात जेवलेले दोघं. त्याची गोष्ट फवारणीच्या डब्यापाशी संपली. त्याची काही वाढीव निंघाली नाई. ज्या दिवशी त्याले नेलं, त्या दिवशी म्या ठरवलं, विकू द्या, जाऊ द्या, माती हाय ती, माहा लेक जिता पाहिजे. अन् अकोल्याले आलो. एक खोली, नळ, खुर्ची, शिट्टी, निळा शर्ट. भगवंताच्या अंगाले थोडं मास आलं. मी रोज सकाळी फाटकाचा आवाज ऐको, आला म्हून, अन् मंगच चहा ठेवो. हे काय कमी हाय? संपली होती नं बाप्पा, आमचीबी चांगली संपली होती!

तं मागच्या बुधवारी गावचा पुंजाराम आला. म्हणे, "भगवंतराव, माह्यानं होत नाई आता. तुमचंच जुनं वावर माह्यापाशी हाय. बटईनं करता का, अर्धं पीक तुमचं? यंदा पाऊस चांगला सांगून राहिले." सांगून राहिले! कोण सांगून राहिले बाप्पा? अन् माह्या लेकानं एका सबदानं इचारलं नाई, हो म्हणून बसला. जसा काही पुंजाराम सिंहासनावरून उतरून आला!

म्या काय नाई केलं! जेवली नाई. मंग डोकं लढवलं. आकांक्षाले इचारलं, "पोरी, शिपायाले मागं नेता येते का? त्या पयल्या शेवटावर, नावेत?" म्हणे, "येते आजी, जुनं ठेवेल हाय म्या." म्हणलं, लाव. भगवंताले हाताले धरून आणला, बसवला. नद्या वाह्यल्या, तलवार सुटली, नाव निंघाली, गाणं वाजलं. म्या म्हणलं, "पाह्य राजा. इथं थांबाव माणसानं. जिता हाय, पाण्यावर हाय, मांगं कोणी नाई. याच्या पुढं खेळू नोको, माय सांगून राहिली."

तो कितीक येळ पाहात राहिला. मंग बोट लावलं पडद्याले. म्हणे, "माय, तू तोंड पाहेलं का त्याचं? नाव पुढं जाऊन राहिली, अन् हा पाहून कुठं राहिला? काठाकडं."

मी इतके डाव पाहेलं होतं बाप्पा, नाव पाहेली, पाणी पाहेलं, वर सरकणारे नावंबी पाहेले, पण तोंड काही म्या पाहेलं नव्हतं. खरंच. मान मांगं. सारी येळ मान मांगं.

मंग भगवंत हळूच म्हणे, "माय, तथी मले सारे भगवंतराव म्हणत. अथी लेकराएवढे पोरं येतात, गाडीतून हात दाखवतात, ए वाचमन, फाटक. तू म्हणते जिता हाय. मी खुर्चीवर बसून बसून संपून राहिलो, तुले दिसत नाई."

 तुमी असत्या तं काय बोलल्या असत्या? जमुना उठली, त्याचा निळा शर्ट खुंटीवरून काढला, घडी घातली, अन् पेटीच्या तळाले ठेवला.  परवा दोघंही गावाले गेले. पेरणी धरून राहिले. ढग मातर मी सकाळपासून पाहून राहिली, बायांनो, एकबी नाई. अथी कोणी बटन दाबाले हाय का? आकांक्षा अकोल्यातच, रईसाच्या भरोशावर. तिले म्हणलं, आता तरी ने शिपायाले समुद्रावर. तं म्हणे, "नाई आजी, बाबांनी जागलीवर बसवला नं." अजून उभा हाय तो धुऱ्यावर.

तं सांगा आता, वाढीव खेळाव का? नाई! बिलकुल नाई! माहं ऐकान तं नावं वर सरकले की उठाव, पाय झटकाव, घरी जाव... अगं माय, उठलं व कुत्रं, आली गाडी! पोरी, माहं गाठोडं वर दे जरा. जपून! खुरपं हाय त्यात, धार लावून आणलं. आता जागलीवर भगवंताले भाकरी कोण नेईन, अन् निंदाले एकटी जमुना किती पुरन?

कंडक्टरभाऊ, म्हाताऱ्या माणसाचं अर्धं तिकीट लागते नं? दे मंग एक. दर्यापूरच्या अलीकडं... जथी आमचं संपलं होतं, तथीचं.