आठ दिवस ऊन नको

—नाही नाही, गालाला हात लावू नका, आत्ताच साफ केलंय. मान मागे टाका, अशी, आणि डोळे मिटा, दिवा फार जवळ आहे. काय म्हणत होतात? हां, लेझर. मैत्रिणीने केलं आणि तिचा चेहरा एकदम लख्ख झाला. किती दिवस झाले त्याला? दीड महिना? मग थांबा की अजून थोडं, तीच सांगेल तुम्हाला. अहो, वांग म्हणजे काय वाढलेलं नख आहे, कापलं की झालं? हे दुखणं झोपी जातं, मरत नाही, आणि ऊब लागली की उठून बसतं. लेझर म्हणजे तरी काय—ऊबच. लाभतं काहींना, नाही म्हणत नाही, पण काहींचं दुप्पट होऊन परत येतं, आणि कुणाचं येणार ते आधी कळत नाही. एकोणीस वर्षं झाली मला या खुर्चीमागे उभं राहून. मुलं किती तुम्हाला? एकच. आणि पोटात असतानाच आले ना डाग? बघा, मी सांगितलं असतं. दोन्ही गालांवर सारखे, वरच्या ओठावर मिशीसारखी सावली—हे तुम्ही चेहरा कमी धुता म्हणून नाही आलेलं, कुणी काही म्हणो. गोळ्या चालू आहेत का कसल्या? पाळी लांबवायच्या, मूल नको म्हणून घेतात त्या? नाही ना, ठीक.

आणि ती ट्यूब आधी केरात टाका. कुठली काय विचारता, सगळ्याजणी तीच लावून येतात—औषधाच्या दुकानात चेहरा पुढे केला की तो न विचारता हातावर ठेवतो ती. पहिला महिना छान वाटतं, गोरंपान, जो तो विचारतो काय लावतेस गं. मग लाली येते, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते, हनुवटीवर लव उगवते. स्टेरॉइड असतं त्यात. डॉक्टरने मोजून मापून दिलं तर औषध, आपल्या मनाने वर्षभर थापलं तर वाटोळं. लिंबू तर चोळलं नाहीत ना? चोळलंत. बरं. झालं ते झालं.

खरं औषध म्हणजे सनस्क्रीन, बाकी सगळं नंतर. ढग असले तरी, घरात असलात तरी, गॅससमोर उभं राहायच्या आधीसुद्धा. आणि रंग असलेलं घ्या, मातकट, नुसतं पांढरं नको—रंगाचं असतं ते खिडकीतल्या उजेडालाही अडवतं. किती लावता? वाटाण्याएवढं? सगळ्या बायका वाटाण्याएवढंच लावतात! दोन बोटं भरून लागतं. ही दोन बोटं, टोकापासून मुळापर्यंत, अशी रेघ ओढायची. हे मला कोर्समध्ये नव्हतं शिकवलं. हे मी माझ्या दिराकडून शिकले.

हसू नका, खरंच. धाकटे दीर माझे. एकत्रच राहतो आम्ही, एकच स्वयंपाकघर. त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, शाळेत खेळ शिकवते, गळ्यात शिट्टी घालून दिवसभर मैदानावर. दिसायला म्हणाल तर नाकीडोळी ठीक, त्याहून जास्त नाही, मी काही उगाच बोलत नाहीये, माझा धंदाच आहे चेहरे बघायचा. तर बाळंतपणात तिला हेच झालं, तुमच्यासारखंच, किंबहुना तुमच्याहून गडद. मला वाटलं आता ही पदराआड—पण छे! तशीच उघड्या तोंडाने जेवायला बसायची, पाहुण्यांसमोर यायची, कुणी विचारलं तर म्हणायची, नकाशा आहे हो, बाळ देऊन गेलं. आणि रोज सकाळी निघायच्या वेळी, चपलांच्या कपाटापाशी, दीर एका कडेवर बाळ घेऊन दुसऱ्या हाताने तिला सनस्क्रीन लावायचे. दोन बोटं भरून. कुठल्याशा डॉक्टरचं वाचलं होतं म्हणे त्यांनी. कपाळ, गाल, कानामागे, मानेवर—सावकाश, घर रंगवतात तसं. ती तोंडात शिट्टी धरून मुद्दाम फुंकायची, ते म्हणायचे, हलू नकोस गं, नाकाचं राहिलंय. आणि मी स्वयंपाकघराच्या दारात डब्याचं झाकण हातात घेऊन उभी. रोज. आता तुम्ही म्हणाल, उभं कशाला राहायचं? मीही तेच म्हणायची स्वतःला. पण डबा भरायची वेळ तीच हो.

आता हा माझा गाल बघा. नाही, डोळे उघडा, बघाच. इथे, या दिव्याखाली. दिसतंय? नाही दिसणार, मी लावतेच तसं. मलाही आहे. चौदा वर्षं झाली, दुसऱ्या मुलीच्या वेळेपासून. घरात कुणी उठायच्या आधी उठते, तोंड धुते, थर चढवते, मग चहा ठेवते. पार्लरवालीच्याच तोंडावर डाग म्हटल्यावर कोण बसेल या खुर्चीत? पण ते निमित्त झालं, खरं सांगायचं तर. खरं म्हणजे—एकदा, त्या दोघांचं ते रोजचं बघून बघून, मी एका रविवारी काहीच लावलं नाही. धुतलेलं तोंड घेऊन नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. अगदी समोर, खिडकीचा उजेड तोंडावर येईल अशी. त्यांनी वर बघितलं. चांगलं बघितलं हो, निरखून. आणि म्हणाले, "माझा चार्जर पाहिलास का?"

वाईट नाहीत ते. मारणं, ओरडणं, पिणं—काही म्हणजे काही नाही. चार्जर सापडला सोफ्याखाली.

असो. थंड लागतंय का? हे नुसतं पुसायचं पाणी आहे, पीलची बाटली अजून उघडलीच नाही मी. हां, पीलचं विचारत होतात. पील वाईट नाही. सौम्य घ्यायचं, आधी सनस्क्रीनची सवय हवी, ती तुम्हाला थोडीफार आहेच, मग घड्याळ लावून मोजून ठेवायचं आणि उतरवायचं. वरचा मेलेला थर निघतो, खालची कातडी नवी, कोवळी—आणि तिथेच सगळी मेख आहे. त्या कोवळ्या कातडीला आठ दिवस ऊन दाखवायचं नाही. दाखवलंत तर आधीचे डाग बरे म्हणायची पाळी येते. हे पीलपेक्षा महत्त्वाचं आहे. हे सांगितलं नाही तर पील करणारीला खुर्चीमागे उभं राहायचा हक्क नाही.

मी नव्हतं सांगितलं.

धाकटी स्वतःहून आली होती. "ताई, तुम्हीच करा काहीतरी, दुसऱ्या कुणाच्या हातात नाही देणार मी चेहरा." इथेच बसली, याच खुर्चीत, मंगळवारी. आणि शुक्रवारी तिच्या शाळेच्या स्पर्धा होत्या, सकाळपासून संध्याकाळपर्यंत मैदानावर. मला माहीत होतं. तिनेच वेळापत्रक फ्रिजवर लावलं होतं. पील मी चोख केलं हं, एक सेकंद जास्त ठेवलं नाही, हात चुकला असं कुणी म्हणू शकणार नाही. पुसून झालं, ती आरशात बघत होती, मला म्हणाली, "पथ्य काही, ताई?" आणि तेवढ्यात पडदा सरकवून दीर आत आले, तिला न्यायला. आल्या आल्या तिच्यासमोर उकिडवे बसले, असे, लहान मुलासमोर बसतात तसे, आणि म्हणाले, "फार झोंबलं का गं?" मी इथे हात पुसत उभी. माझ्या तोंडातून आलं—"काही नाही, नेहमीसारखंच राहायचं."

एवढंच बोलले मी. कुणी ऐकलं असतं तर त्यात वावगं काही वाटलं नसतं.

मैदानावर तिला झोंबायला लागलं तेव्हा तिला वाटलं, असं होतच असेल. रविवारी सकाळी बाहेर आली तर दोन्ही गालांवर कॉफी सांडल्यासारखं. सासूबाईंनी तोंडावर हातच ठेवला. आणि मला—तुम्हाला सांगून काय उपयोग, पण मला त्या दिवशी इतकं हलकं वाटत होतं! मी गुणगुणत होते. मुलीने विचारलं, आई, आज काय आहे? एकच दिवस टिकलं ते. दुसऱ्या दिवशी दिरांनी रजा टाकली, तिला स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. आणि मग ते सनस्क्रीन सकाळचं एकदा होतं ते तीनदा झालं—मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी जायचे हो ते, ऑफिसातून! डाग वाढले आणि त्यांचं बघणंही वाढलं. म्हणजे मी केलं काय, तर त्यांना आणखी दोन फेऱ्या मिळवून दिल्या.

असं बघू नका माझ्याकडे. डोळे मिटा म्हटलं ना.

चार दिवसांनी ती इथे आली. गिऱ्हाईक नव्हतं, मी ट्रॉली पुसत होते. तिथे, दारापाशी उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "ताई, डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पीलनंतर ऊन टाळायचं हे पार्लरमध्ये सांगितलं नव्हतं का? मी म्हटलं, सांगितलं होतं. बजावून सांगितलं होतं. मीच विसरले." आणि माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. डॉक्टर भिंगातून बघतात ना, कातडीच्या खाली किती खोल गेलंय ते, तशी. मग म्हणाली, "घरीही मी हेच सांगितलंय." आणि गेली.

दीड वर्ष लागलं तिचं उतरायला. डॉक्टरीणबाईंनी लावायचं मलम दिलं, तीन महिने एक, मग बदलून दुसरं. लेझरचं नावसुद्धा काढलं नाही. पूर्ण नाही गेलं, पण फिकं झालं. मला अजून ताईच म्हणते. माझ्या मुलींना पोहायला तीच नेते. या खुर्चीत मात्र परत बसली नाही. भांडली असती तर? घरभर बोंबलली असती, तर मी म्हटलं असतं, बघा, कशी आहे ती. तेही नाही करू दिलं तिने मला. प्रेम करणारा नवरा तिच्याकडे, बिनधास्त तोंड घेऊन फिरणं तिच्याकडे, आणि एवढं मोठं मन, तेही तिच्याचकडे. मला काय ठेवलं हो तिने?

तुमचं तसं नाही होणार. तुम्हाला मी आधीच सांगितलंय ना सगळं. चला, बाटली उघडते, पाच मिनिटांचं काम आहे, पापण्या घट्ट—फोन वाजतोय तुमचा. घ्या. घ्या की, अजून काही लावलेलं नाहीये.

...

मिस्टर का? खाली आलेत? कशाला, तुम्ही बोलावलं होतंत? नाही. मग? ऊन तापलंय म्हणून छत्री घेऊन आलेत. पीलनंतर ऊन बरं नाही हे त्यांना सांगितलं कुणी? आपणहून वाचलं. अच्छा. आपणहून.

सांगा त्यांना, पाच मिनिटांत—नाही. थांबा. उठा तुम्ही. उठा, टॉवेल काढते. काही नाही झालेलं, बाटली चांगली आहे, तारीखही पुढची आहे. मी नाही करत आज. उद्या? उद्याही नको. चौकात औषधाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरीणबाई बसतात, त्यांच्याकडे जा, त्या नीट सांगतील, नीट करतील. नाही हो, तुमचं काही चुकलं नाही. पर्स घ्या. पडदा राहू दे तसाच. जा—खाली उभे आहेत ते.