नसलेलं बटण

डुलूथच्या केबल कचेरीतली रांग हलायचं नाव घेत नव्हती. टीव्हीचा जुना डबा परत करायला आलेल्या मार्लिसच्या पुढेच ऑरिन आणि व्हर्ना हे म्हातारं जोडपं, घरचं इंटरनेट बंद पडलं म्हणून, मोडेम घेऊन उभं होतं.

“आपल्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स आहे, हे कंपनीच्या माणसाला फोनवर सांगितलं का नाहीस?”

“लिनक्स म्हटलं की ते फोन ठेवतात, व्हर्ना. सगळे असंच करतात. तो म्हणाला स्टार्ट दाबा, मी म्हटलं दाबलं.”

“नसलेलं बटण दाबलंस.”

“माझ्या परीने दुरुस्ती चालूच होती की.”

“आणि तिकडे अलास्कात नात चालायला लागली. जनेल दर रविवारी लेकीला कॅमेऱ्यापुढे उभी करते, आणि आपण इथे कोऱ्या पडद्याकडे बघत बसतो.”

खिडकी आली. पलीकडच्या बाईने मोडेम उलटसुलट पाहिला.

“हा ठीक आहे. कॉम्प्युटरमध्ये काही नवं बसवलंत?”

“नेटवर्कचं कार्ड. जुनं जळलं.”

“मग हा जुन्याचीच ओळख धरून बसला होता. वीज काढून, थोडं थांबून परत लावली की विसरतो. फोनवर सांगितलं नाही?”

“सांगितलं.”

“मग?”

“मी म्हटलं, काढली.”

“इथे आणायला तरी काढलीत ना? मग झालं काम. घरी नेऊन लावा.”

व्हर्नाने मोडेम आपल्या हातात घेतला.

“चल. उद्या रविवार आहे.”

“हो.”

“ऑरिन, हे ‘हो’ मला म्हणतोयस, की त्या फोनवाल्याला?”