ट्रिप माझी, भाव नेहाला

तो ग्रुप फोटो नको दाखवूस मला, आधी काय झालं ते ऐक. आमच्या बदलापूरच्या शाळेच्या बॅचची खाडीतली ट्रिप मी ठरवली. होडी मी शोधली, सगळ्यांना फोन मी केले. आणि होडीत बसल्या बसल्या सगळे वळले कुणाकडे? नेहाकडे! का, तर ती जर्मनीहून आलीय. शाळेत माझ्या वह्या उतरवून घेऊन पास व्हायची ती.

दोन्ही बाजूंना तिवरांचं जंगल, पण एकाचं लक्ष असेल तर शपथ. "नेहा, तिकडे बर्फ कसा पडतो गं?" माझं डोकंच फिरलं. बाजूला एक अरुंद फाटा दिसला. मी होडीवाल्या काकांना म्हटलं, "आत घ्या काका, यांना पक्षी दाखवते."

"ओहोटी लागली, बाय. आत शिरलो तर चिखलात बसू."

"तुम्हा जुन्या माणसांना प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणायचं असतं का? घ्या आत!"

काकांनी घेतली. पक्षी एकही दिसला नाही आणि होडी रुतली.

"आता भरती येईपर्यंत हलायची नाय," काका म्हणाले.

म्हणजे चार तास! त्या चार तासांत नेहाने अख्खी जर्मनी सांगितली. शेवटी काकाही वल्हं ठेवून तिच्यासमोर मांडी घालून बसले. "मंग पुढं काय झालं, बाय?"

आणि मला रागाने उठून जाताही येईना. चहूकडे कमरेएवढा चिखल!