बुका लागला की कॉफी

नीलकंठ : ...तसं नव्हे, कमळाकर. कॉफी म्हणजे पाण्यात ढवळायची भुकटी नव्हे. कॉफी उतरावी लागते. थेंब थेंब. जो वाट बघतो त्यालाच ती प्रसन्न होते.

कमळाकर : व्हय सर. अपूर्णांक पण तुम्ही असेच शिकवायचात. ते प्रसन्न व्हायच्या आत तास संपायचा.

विमल : ती काचेच्या भांड्याची मशीन दाखव बघू, कमळाकर.

कमळाकर : ही? बारा कपांची हाय, काकू. वर पाणी, मधी पावडर, खाली काढा पडतो. घड्याळ लावून ठेवायचं, त्या टायमाला आपोआप चालू.

विमल : हिच्याजवळ उभं राहावं लागतं?

कमळाकर : कशाला उभं राहायचं?

नीलकंठ : थांब, विमल. रोह्याहून मुद्दाम पेणला याच्या दुकानात आलोय ते काय पहिलीच वस्तू उचलायला? ती चकचकीत कोणती रे? नळीवाली?

कमळाकर : ती वाफेची, सर. फेस असा येतो की मिशीला लागंल.

विमल : आणि हिच्याजवळ?

कमळाकर : हिच्याजवळ राहावं लागतं, काकू. एका वेळी दोन कप. पावडर दाबायची, दांडा फिरवायचा, दूध वाफवायचं. मग परत पावडर.

नीलकंठ : बघ! याला म्हणतात साधना. हीच घेऊ.

विमल : साधना कोण करणार?

नीलकंठ : कोण म्हणजे? घरात होईल.

विमल : घरात तुम्ही, विष्णुभावोजी, आपले चिरंजीव आणि तुमच्या कॉफीला येणारी मंडळी. दिवसाला बावीस कप. एका वेळी दोन म्हणजे अकरा वेळा दांडा. तो फिरवताना यातलं कोणी मला तरी दिसत नाही.

कमळाकर : बावीस? एवढी कॉफी तर अख्ख्या पेणच्या बाजारात खपत नसंल.

नीलकंठ : आमच्या वडिलांची नोकरी हुबळीला होती. येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या. पितळी फिल्टर आणि शिस्त.

विमल : फिल्टरची चाळणी गेल्या सोमवारी गळून पडली. शिस्त अजून शाबूत आहे.

नीलकंठ : म्हणून तर घाई, कमळाकर. शनिवारी रामाच्या देवळात उत्सवातलं शेवटचं कीर्तन. आरती झाली की बुवांच्या हातात आमच्या घरची कॉफी, हा नेम आहे. पूर्वरंग संपला, बुवांच्या गळ्यात हार पडला, सगळ्यांच्या कपाळी बुका लागला, की इकडे घरी कॉफीवर आधण पडलं पाहिजे. आधी नाही, मग नाही. तेव्हाच ती आरतीला ताजी मिळते. वडिलांनी घालून दिलेलं आहे. आणि अभिमानाने सांगतो, एकतीस वर्षांत आमच्या घराचं एक कीर्तन चुकलेलं नाही.

विमल : तुमचं.

नीलकंठ : काय?

विमल : तुमचं चुकलेलं नाही.

नीलकंठ : अगं, बायकांत पहिल्या रांगेत तर बसलेली असतेस! मी बघतो ना.

विमल : बुका लागेपर्यंत. तोवरचं निरूपण मला पाठ आहे, निम्मं गाव झोपलेलं असतं तेव्हाचं. मग बुवा सावरून उभे राहतात, पेटीवाला सूर चढवतो, आख्यानाला तोंड फुटतं, आणि मी चपला शोधत असते.

नीलकंठ : पण कर्णा असतो की बाहेर.

विमल : कर्णा कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत ऐकू येतो. ते पोह्यांचं आख्यान बुवांनी आजवर नऊ वेळा लावलं. बायको शेजारणीकडून मूठ मूठ पोहे मागून आणते, फाटक्या धडप्यात पुरचुंडी बांधते, आणि तो बिचारा निघतो द्वारकेला बालमित्राला भेटायला. तेवढ्यात माझा पिंपळ येतो. एकतीस वर्षं तो माणूस माझ्यापुरता रस्त्यातच आहे.

कमळाकर : पोचतो तो, काकू. देव सोता धावत येतात.

विमल : ठाऊक आहे रे. ठाऊक कोणाला नाही? पण बुवा तिथे कुठलीशी चाल लावतात आणि सगळं देऊळ रडतं म्हणे. मी परत येते तेव्हा सगळ्यांचे डोळे लाल, आणि माझ्या हातात कपांचा ट्रे. यंदा शनिवारी तेच आख्यान आहे. देवळाच्या फळ्यावर लिहिलंय.

नीलकंठ : हे तू कधी बोलली नाहीस.

विमल : कधी बोलणार? तुम्ही समोर याल तेव्हा एक तर कप मागायला येता, नाहीतर कप ठेवायला. मधल्या वेळात दूध वर येत असतं.

नीलकंठ : मला मान्य आहे. अगदी मान्य. पण विमल, बुवांना घड्याळ लावलेल्या यंत्राची कॉफी द्यायची? कळेल गं त्यांना. पहिला घोट घेऊन डोळे मिटतात ते. अख्ख्या रायगड जिल्ह्यात आपल्या कॉफीची पारख त्या एका माणसाला आहे.

कमळाकर : सर, एक बोलू? रागावू नका.

नीलकंठ : बोल.

कमळाकर : बुवा कॉफी पीत नायत.

नीलकंठ : काहीतरीच काय!

कमळाकर : आईशप्पत, सर. पेणला कीर्तनाला येतात तेव्हा आमच्याच घरी उतरतात. चहा घेतात, तो पण कोरा. मी एकदा कॉफीचं विचारलं तर हात जोडले. म्हणाले, कॉफीनं छातीत आग पडते, पहाटेपर्यंत डोळा लागत नाय. रोह्याला एका मुख्याध्यापकांकडं तेवढी घ्यावी लागते, त्यांचं मन मोडवत नाय.

(नीलकंठ जवळचं स्टूल ओढून बसतात.)

विमल : म्हणून कप अर्धा परत यायचा होय? अरे देवा. मी समजायचे माझंच काही चुकतंय. एक वर्ष जायफळ कमी केलं. पुढच्या वर्षी वाढवलं. मग वाटलं दूध पातळ होतंय, तर गोदूबाईंकडून म्हशीचं आणवायला लागले.

नीलकंठ : पण ते डोळे मिटायचे, ते...

कमळाकर : जळजळत असंल, सर.

नीलकंठ : वडिलांना हे ठाऊक असतं तर...

विमल : मामंजींना ठाऊक असतं तर नेम तसाच राहिला असता. फक्त बुवा बदलले असते.

नीलकंठ : मग त्यांना आता द्यायचं काय?

कमळाकर : ऊन पाणी, सुंठ घालून. माझी बायको तेच देते. दोन पेले घेतात.

नीलकंठ : आणि बाकीच्या मंडळींना?

विमल : बाकीची मंडळी म्हणजे तुम्ही आणि भावोजी. इतर लोक तुमच्या भिडेने थांबतात.

नीलकंठ : अगं, पण आम्हाला कॉफी लागतेच.

विमल : लागते ना. म्हणून ही काचेची. देवळात जाण्याआधी भरून ठेवायची. आरती आटोपून या, तयार असेल.

नीलकंठ : तापत राहिली तर कडवट होते.

विमल : होऊ दे कडवट. रागावून नाही म्हणत हो. खरंच होऊ दे.

नीलकंठ : कमळाकर, पाणी कोणत्या रेघेपर्यंत घालायचं? इकडे ये, मला दाखव.

कमळाकर : तुम्हाला, सर?

नीलकंठ : मग कोणाला? काकूंकडे काय बघतोस? त्या शनिवारी घरी नसणारेत.

कमळाकर : ही आठची रेघ. मग हे बटण. लाल दिवा लागला की बाजूला व्हायचं.

नीलकंठ : बाजूला होऊन काय करायचं?

कमळाकर : काय नाय करायचं, सर. जायचं निघून.

नीलकंठ : एवढंच?

कमळाकर : एवढंच.

विमल : बांध रे, नीट बांध, काच आहे. आमची गाडी चुकेल.

नीलकंठ : दे ते खोकं माझ्याकडे. विमल... तो द्वारकेच्या दारात पोचल्यावर बुवा काय गातात, ते गाडीत म्हणून दाखवू? मला चालीसकट येतं. कासू स्टेशन यायच्या आत होईल.

विमल : नका. शनिवारी ऐकेन.