पाचशे अठ्ठ्याऐंशी न्यूटन

…आणि ती मुलगी मला फोनवर विचारते, "काकू, काकांना सध्या ठेवलंय कुठे?" ठेवलंय! नवरा आहे तो माझा, गव्हाचं पोतं नव्हे! पण थांबा, ओळीनं सांगते. तेहेतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंय, मधूनच सुरू केलेलं उत्तर मलाच खपत नाही.

तर आमचे हे. मांडीचं हाड मोडल्यापासून आठ महिने तिसऱ्या मजल्यावर अडकलेले. इमारतीला लिफ्ट नाही. तळमजल्यावर यांचे मित्र, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचे गुडघे कामातून गेलेले, वर येणं अशक्य. त्यामुळे बुद्धिबळ चालायचं खिडकीतून! हे वरून ओरडणार, "घोडा पुढे!" खालून उत्तर, "कुठला घोडा? तो मी काल खाल्ला!" आणि वीस तारखेला पोस्टमास्तर कायमचे मुलीकडे निघाले होते. "समोरासमोर बसून एक डाव, बस्स," हे म्हणाले. आठ महिन्यांत मागितलेली ही एकच गोष्ट. शेजारी म्हणाले, चौघं मिळून उचलून नेतो. हे म्हणाले, "चौघांनी उचलायचं ते एकदाच. आत्ता नको."

म्हणून जिन्याच्या कडेनं सरकणारी खुर्ची बसवणाऱ्या कंपनीचा अर्ज मी एक तारखेलाच भरला. त्यात रकाना, 'वजन'. पुढे नुसती रेघ. आता तुम्हाला सांगते, वजन म्हणजे पृथ्वीनं आपल्याला ओढण्याचं बल, आणि बल मोजायचं न्यूटनमध्ये! किलोग्रॅममध्ये मोजतात ते वस्तुमान. यांचे साठ किलो, गुणिले नऊ पूर्णांक आठ दशांश. स्वच्छ अक्षरात लिहिलं, ५८८ न्यूटन. यात माझं काय चुकलं, सांगा!

कंपनीतल्या त्या फोनवाल्या मुलीनं आकडा तेवढा संगणकात घातला आणि एकक दिलं सोडून! कंपनीचं पत्र आलं, 'आपल्या यजमानांचे वजन मर्यादेपेक्षा चारशे अडुसष्ट किलोंनी अधिक आहे. आमच्याकडे मालवाहू पाळणाही मिळेल.' मालवाहू! पत्र वाचून हे इतके हसले की खोकला लागला. "अगं, लिही ना साठ किलो, आणि मोकळी हो!" लिही ना? चुकीचं? मी?

मी तीन पानी खुलासा पाठवला, आकृतीसह. उत्तर काय? 'अर्जात दोन वेगवेगळी वजने आढळतात. डॉक्टरांचा दाखला आणावा.' डॉक्टर माझाच विद्यार्थी. त्यानं लिहिलं, 'वजन ६०'. साठ काय? साठ केळी? मी दाखला परत पाठवला. तो फोनवर म्हणतो कसा, "बाई, आता तरी पास करा हो!" त्याचा दुसरा दाखला यायला पाच दिवस. यात माझं काय चुकलं, सांगा!

सतरा तारखेला पोस्टमास्तरांच्या दारात खोकी दिसायला लागली. हे खिडकीशी बसून होते. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, "तुझं बरोबरच आहे गं." तुम्हाला सांगते, एवढं टोचून कुणी मला कधीच बोललं नव्हतं.

अठरा तारखेला मी त्या कार्यालयात जाऊन बसले. नवा अर्ज. वजन, ६० किलो. खाली माझी सही! तिथल्या मुलीनं वाचलं आणि म्हणाली, "अय्या काकू, एवढंच होतं होय!" दहा मिनिटांत मंजुरी. खुर्ची बसवायला चार दिवस.

चार दिवस! वीस तारखेला टेम्पो लागला. पोस्टमास्तर खालून ओरडले, "डाव बरोबरीत सोडतोय रे!" यांनी खिडकीतून हात हलवला. खाली तो दिसला की नाही, कोण जाणे.

बावीस तारखेला हे खुर्चीत बसून खाली उतरले. तीन मजले, चार मिनिटं. कुलूप लागलेल्या त्या दारासमोर थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "चल वर." मी म्हणायला गेले, यात माझं… आणि खुर्चीचं बटण दाबलं.

त्यानंतर हे एकदाही खाली उतरलेले नाहीत. खुर्ची आहे, विजेचं बिल येतं, वाया कशाला घालवायची? म्हणून हल्ली तिच्यात बसून बटाटे वर येतात. कालच भाजीवाल्यानं विचारलं, "बाई, वजन किती करू?" मी म्हटलं, "कर बाबा, पाच किलो."