कोऱ्या पानामागं

जयमाला: योहानकाका, खरं सांगा. मी पलीकडं पोरींचा क्लास घ्यायला गेले, तेवढ्यात तुम्ही काय दाबलंत?

योहान: काय न्हाई. ते गोल बाणाचं.

जयमाला: रिफ्रेश. किती वेळा?

योहान: एकदा. म्हंजे दोनदा. अगं, पान कोरंच्या कोरं. वाटलं बंद पडलं. आमच्या भिंगारच्या डेपोत मोटर आवाज दिईना झाली, की आमी परत खटका दाबतो.

जयमाला: हा खटका नाही काका. दर दाबण्याला आतल्या खोलीतल्या मशीनवर डिस्क वाचून काढायचा तोच प्रोग्रॅम नव्यानं सुरू झाला. आता तिघं मिळून एकाच मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कवर तुटून पडलेत. कशी कुरकुरतेय ऐका.

योहान: मग त्यानं काय तरी बोलावं का न्हाई? काम चाललंय, एवढं तरी म्हनावं.

जयमाला: ती चूक माझी. ही पीएचपी थ्री, वेबपानं लिहायची भाषा, मलाही नवीनच. मी लिहिलेलं पान प्रोग्रॅम संपेपर्यंत सगळं पोटात ठेवतं आणि शेवटी एकदम दाखवतं.

योहान: जयमाला, त्या डिस्कवर हिचा, माझ्या कृपाचा आवाज हाय. ऑपरेशनच्या आधी तूच हिला इथं माईकपुढं बसवलंस, मी शेजारीच हुतो. आता हिच्या गळ्यात काय राहिलं न्हाई. येवढाच हाय.

जयमाला: ठाऊक आहे मला. तेव्हाच कॅसेट काढून ठेवली असती तर ही वेळ आली नसती. कृपाकाकू, तुम्हीच सांगा. तिन्ही बंद करून एकदाच नव्यानं चालवते. डिस्क आणखी एक फेरी सोसेल, त्यापुढं माझा भरवसा नाही. करू?

योहान: नको म्हनती ती.

जयमाला: काकू मान हलवून हो म्हणताहेत. त्यांच्याकडं बघा तरी.

योहान: हं. कर मग.

जयमाला: आधी पान नीट करू द्या. आता प्रोग्रॅमला जणू नळी जोडायची. एक ओळ आली की वाचायची आणि लगेच पुढं ढकलायची. साचू द्यायचीच नाही.

योहान: हे आधी का न्हाई केलंस?

जयमाला: आधी तुमच्यासारखं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. हे बघा, नुसते आकडे मोजायला लावले. एकेक येतोय ना? आता खरं काम लावते.

योहान: आलं. ‘पहिला भाग वाचला.’ कृपा, बघ गं. दुसरा वाचला. तिसरा… ‘वाचता आला नाही.’ जयमाला, न्हाई म्हनतोय.

जयमाला: तो सोडून पुढं जाईल.

योहान: चौथाबी न्हाई. ह्यापरीस कोरं पान बरं हुतं.

जयमाला: मग डोळे मिटा.

योहान: पाचवा वाचला. सहावा… थांबलं गं. सहाव्यावर थांबलं.

जयमाला: वाचतोय तो.

योहान: मघाधरनं तीच ओळ हाय. काय वाचतोय? हात सोड कृपा, मी कशाला दाबतोय. नुसता माऊसवर ठिवला हुता.

जयमाला: काकू, तसाच धरून ठेवा.

योहान: लई जड जातं गं. दवाखान्यातनं आल्यापास्नं मी हिला इचारतो, च्या पायजे का, दुखतंय का. ही पाटी घेऊन लिहायला लागती. तिचं लिहून व्हायच्या आधीच मी च्या ठिवून मोकळा.

जयमाला: आणि त्यांना चहा नको असला तर?

योहान: पिती गुमान. मला ती शांतता सोसत न्हाई. जीव घाबरा हुतो माझा.

जयमाला: काका, पडद्याकडं बघा.

योहान: सहावा वाचला. सातवा वाचला. आठवा… ‘संपलं.’ संपलं म्हंजे काय गं?

जयमाला: म्हणजे फाईल आली. दोन तुकडे गेले. मधलं काय गेलंय ते ऐकल्यावर कळेल. स्पीकरचा आवाज वाढवा.

योहान: तू वाढव. माझा हात हिनं धरलाय.

(स्पीकरमधून आधी खरखर, मग बाईचा आवाज.)

कृपा: झालं का गं सुरू, जयमाला? … अहो, आधी त्या बटणावरचा हात काढा. मला बोलू द्या.